प्रोसेस.एन्व्ही कुठे वाचायचं, कसं तपासायचं? (नोड आणि फ्रंटएंड दोन्ही)

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग्ज, नोडमध्ये ती प्रोसेस.एन्व्हीतून वाचतात) हा विषय इतका साधा वाटतो की त्यावर कुणी धागा काढत नाही. पण 'कोड तर बरोबर आहे, मग प्रोडक्शनवर चालत का नाही' अशा कितीतरी प्रकरणांचं मूळ इथेच सापडतं. एक उदाहरण नीट उलगडून सांगतो.

एका नोड सर्व्हिसच्या डॉकर कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) पोर्टची व्हॅल्यू दुसऱ्या एका व्हेरिएबलमधून घेतलेली होती. नव्या सर्व्हरवर ते दुसरं व्हेरिएबल सेटच नव्हतं. डॉकर कंपोज अशा वेळी थांबत नाही. 'व्हेरिएबल सेट नाही, रिकामी स्ट्रिंग धरतो' अशा अर्थाची इशाऱ्याची एक ओळ छापतं आणि पुढे जातं. म्हणजे कंटेनरमध्ये पोर्ट नावाचं व्हेरिएबल आहे, पण रिकामं. कोडमध्ये होतं: नंबर(प्रोसेस.एन्व्ही.पोर्ट ?? ३०००). आता ?? हे फक्त नल आणि अनडिफाइन्ड असेल तरच डिफॉल्ट देतं, रिकामी स्ट्रिंग तशीच पुढे सोडतं. आणि नंबर("") म्हणजे नॅन ('हा आकडा नाही') नव्हे, चक्क ०. सर्व्हरला ० पोर्टवर ऐकायला सांगितलं की ऑपरेटिंग सिस्टिम जो मोकळा असेल तो पोर्ट देऊन टाकते. त्यामुळे लॉगमध्ये 'सर्व्हर सुरू झाला', एरर एकही नाही, आणि हेल्थ चेक (सर्व्हर जिवंत आहे का ते बघणारी तपासणी) ३००० वर धडका देतोय. कंटेनर मारला जातो, उठतो, परत मारला जातो. बघणारा नेटवर्कचे नियम तपासत बसतो.

यात कंपोज, ??, नंबर, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रत्येक जण आपल्या लेखी नियमानुसारच वागलंय. चूक धरायला मध्ये कुणी उभंच नव्हतं, एवढंच.

म्हणून माझं ठाम मत असं की प्रोसेस.एन्व्ही हा बाहेरून आलेला इनपुट आहे. एपीआयला आलेल्या रिक्वेस्टची बॉडी आपण तपासल्याशिवाय वापरत नाही, मग हे का वापरतो? सगळ्या अ‍ॅपमध्ये एकच फाइल ते वाचेल, अ‍ॅप सुरू होतानाच तपासेल, योग्य टाइपमध्ये बदलेल आणि फ्रीझ केलेला एक कॉन्फिग ऑब्जेक्ट बाहेर देईल. काही चुकलं तर प्रोसेस तिथेच, स्पष्ट मेसेज देऊन, शून्येतर एक्झिट कोडने संपेल. बाकी कोडमध्ये प्रोसेस.एन्व्ही हा शब्दच दिसता कामा नये. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या नोड प्लगिनमध्ये त्यासाठी नो-प्रोसेस-एन्व्ही नावाचा नियमही आहे, तो लावून कॉन्फिग फाइलपुरती सूट द्यायची.

तुम्ही कसं करता? लायब्ररी वापरता की हाताने लिहिता? आणि फ्रंटएंडचं काय करता? जरा सविस्तर लिहा.

---

रिकामी_ओळ

चांगला विषय काढलात. यात सगळ्यात आधी डोक्यात पक्कं बसायला हवं ते म्हणजे प्रोसेस.एन्व्हीमधलं सगळं स्ट्रिंग असतं. अपवाद नाही. तुम्ही स्वतः कोडमधून प्रोसेस.एन्व्ही.अमुक = अनडिफाइन्ड असं लिहिलंत तर व्हेरिएबल जात नाही, त्यात "अनडिफाइन्ड" हा शब्द स्ट्रिंग म्हणून जाऊन बसतो. काढायचं असेल तर डिलीटच वापरावं लागतं.

यातून निघणारी दोन प्रकरणं मला पोर्टपेक्षाही वाईट वाटतात.

पहिलं बूलियन. एखादं फीचर बंद ठेवायला कुणीतरी व्हेरिएबलमध्ये फॉल्स लिहितं. कोडमध्ये इफ(प्रोसेस.एन्व्ही.फीचर). "फॉल्स" ही पाच अक्षरांची रिकामी नसलेली स्ट्रिंग, म्हणजे ट्रू. फीचर चालू. बंद करण्यासाठी लिहिलेल्या ओळीनेच ते चालू झालं. झॉड (व्हॅल्यू तपासणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण त्यातलं कोअर्स-बूलियन आतून जावास्क्रिप्टचं बूलियन() च वापरतं, त्यामुळे "फॉल्स" आणि "०" दोन्ही ट्रू होतात. झॉडच्या चौथ्या आवृत्तीत याचसाठी स्ट्रिंगबूल आलंय, ते "ट्रू", "फॉल्स", "१", "०", "येस", "नो" वगैरे ओळखतं आणि बाकी काही आलं तर एरर देतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर "ट्रू" आणि "फॉल्स" या दोनच व्हॅल्यूंचा एनम (चालणाऱ्या व्हॅल्यूंची ठरावीक यादी) करून मग ट्रान्सफॉर्म करा.

दुसरं टाइमआउट. समजा रिट्राय-इंटरव्हलमध्ये कुणी "३० एस" या अर्थाने आकड्याला एस जोडून लिहिलं. नंबर() त्याचं नॅन करतं. आणि सेटटाइमआउटला नॅन दिलं की नोड ते १ मिलिसेकंद धरतं. तीस सेकंदांनी एकदा जायला हवा तो कॉल समोरच्या सर्व्हरवर सतत आदळत राहतो. पार्सइंट वापरलं तर "३०एस" चं ३० होतं, म्हणजे मिलिसेकंद समजून ३० मिलिसेकंद. दोन्हीकडून गोत्यातच. म्हणून व्हेरिएबलच्या नावातच एकक घाला, अमुक_एमएस असं, आणि आकड्याला किमान-कमाल मर्यादा लावा. नुसतं 'नंबर आहे का' एवढं तपासणं माझ्या लेखी तपासणीच नव्हे.

---

नवशिका_कोडर

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: ?? ऐवजी || वापरलं तर रिकाम्या स्ट्रिंगलाही डिफॉल्ट मिळतो. मग प्रश्नच मिटला ना? वेगळं व्हॅलिडेशन कशाला?

---

रिकामी_ओळ

@नवशिका_कोडर, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. रिकाम्या स्ट्रिंगपुरतं तुमचं बरोबर आहे, आणि स्ट्रिंग असेपर्यंत "०" सुद्धा || मधून नीट जातं. पण नंबर(...) || ५ असं आधी बदलून मग || लावलं की खरोखर ० हवा असेल तेव्हा तो गिळला जातो. 'रिट्राय ० वेळा' सांगितलं तर ५ वेळा होणार.

याहून मोठी गोष्ट म्हणजे || चुकीची व्हॅल्यू पकडत नाही, फक्त नसलेली भरून काढते. आणि नसलेली भरून काढणं कायम चांगलंच असतं असं नाही. जेडब्ल्यूटी-सिक्रेट (लॉगिनच्या टोकनांवर सही करायची गुप्त की) || "सिक्रेट" हे मी किती ठिकाणी पाहिलंय! प्रोडक्शनवर व्हेरिएबल विसरलं तर अ‍ॅप छान चालतं, टोकन बनतात, लॉगिन होतं. फक्त ती टोकनं कोड वाचणारा कुणीही बनवू शकतो. लोकल मशीनवर सोय म्हणून लिहिलेला डिफॉल्ट प्रोडक्शनवर कुलूप उघडं ठेवतो.

मी डिफॉल्ट फक्त अशा गोष्टींना देतो जिथे कुणी काहीच सांगितलं नाही तरी तीच व्हॅल्यू योग्य ठरेल, जसं लॉग-लेव्हल किंवा पोर्ट. पासवर्ड, की, डेटाबेसचा पत्ता यांना डिफॉल्ट नाही.

---

पहारेकरी

मी डिप्लॉयमेंटच्या बाजूने बघतो, त्यामुळे थोडं वेगळं लिहितो. तुम्ही लोक व्हेरिएबल 'नसण्याबद्दल' बोलताय. माझा जास्त वेळ जातो तो 'आहे, पण भलतंच आहे' यात.

कुबरनेटीसचं घ्या, म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा; त्यात कंटेनर 'पॉड'मध्ये चालतात आणि 'नेमस्पेस' हा त्यांचा गट. नेमस्पेसमध्ये रेडिस नावाची सर्व्हिस असेल तर कुबरनेटीस त्या नेमस्पेसमधल्या नव्याने उठणाऱ्या पॉडमध्ये आपणहून काही व्हेरिएबल घालतं. त्यातलं एक असतं रेडिस_पोर्ट, आणि त्याची व्हॅल्यू ६३७९ नसून टीसीपी:// ने सुरू होणारा अख्खा पत्ता असतो, आयपी आणि पोर्टसकट. तुमच्या अ‍ॅपने रेडिस_पोर्ट हेच नाव वापरलं आणि स्वतः सेट केलं नाही, 'डिफॉल्ट ६३७९ आहेच की' म्हणून, तर डिफॉल्ट लागणारच नाही, कारण व्हेरिएबल आहे! लोकलवर चालतं, क्लस्टरवर नाही. पॉडच्या स्पेकमध्ये एनेबल-सर्व्हिस-लिंक्स फॉल्स करता येतं, पण अ‍ॅपने १ ते ६५५३५ मधला पूर्णांक आहे का एवढं तपासलं असतं तर पहिल्या ओळीलाच कळलं असतं.

दुसरं, ओळीच्या शेवटी चिकटलेली न्यूलाइन. सिक्रेट बनवताना कुणी इको करून बेस६४ ला पाइप करतं. इको शेवटी न्यूलाइन जोडतं, तीही एन्कोड होते, आणि एपीआय-कीच्या टोकाला ती बसते. की छापून बघितली तर बरोबरच दिसते. नोडच्या एचटीटीपी मॉड्यूलमधून हेडरमध्ये घालायला गेलात की 'हेडरमध्ये अवैध कॅरेक्टर' म्हणून एरर येतो, तोही पहिली रिक्वेस्ट जाईल तेव्हा. इको-एन किंवा प्रिंटएफ वापरा आणि स्कीमामध्ये (कुठली व्हॅल्यू कशी हवी त्याचे नियम) ट्रिम लावा.

तिसरं, एकच डॉट-एन्व्ही फाइल वेगवेगळी साधनं वेगवेगळी वाचतात. डॉटएन्व्ही पॅकेज व्हॅल्यूभोवतीचे अवतरणचिन्ह काढून टाकतं. डॉकर रनला एन्व्ही-फाइल म्हणून तीच फाइल दिलीत तर अवतरणचिन्हं व्हॅल्यूचाच भाग होतात. पासवर्ड बरोबर असूनही डेटाबेस नाकारतो, कारण दोन्ही टोकांना एकेक अवतरणचिन्ह जास्त आहे. आणि डॉटएन्व्हीत अवतरणचिन्ह नसेल तर # पासून पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं (पंधराव्या आवृत्तीपासून). पासवर्डमध्ये # असेल तर अर्धा पासवर्ड गायब. म्हणजे एकीकडे अवतरणचिन्ह हवंच आणि दुसरीकडे नकोच. माझा मार्ग: आपोआप बनवलेल्या पासवर्डमध्ये # आणि अवतरणचिन्हं येऊच द्यायची नाहीत.

---

अर्धविराम

@पहारेकरी, रेडिस_पोर्टचं उदाहरण फार नेमकं आहे. अ‍ॅपच्या व्हेरिएबलांना स्वतःचं उपपद (नावाआधी जोडायचा ठरावीक शब्द) लावायचं, हा त्यातून मी घेतलेला बोध. ते लावलं की असं नाव आपोआप कुठून येण्याचा प्रश्नच उरत नाही.

याच जातीतलं एक नोड_एन्व्हीचं, म्हणजे अ‍ॅप डेव्हलपमेंटमध्ये आहे की प्रोडक्शनवर ते सांगणाऱ्या व्हेरिएबलचं. कुणी त्यात "प्रॉड" लिहितं, कुणी "प्रोडक्शन" च्या मागे स्पेस सोडतं. एक्सप्रेस या नोडच्या वेब फ्रेमवर्कचा मूळचा एरर हँडलर फक्त अचूक "प्रोडक्शन" ओळखतो. तसं नसेल तर एररचा पूर्ण स्टॅक ट्रेस उत्तरात ब्राउझरला पाठवतो, सर्व्हरवरच्या फाइलींच्या मार्गांसकट. एका स्पेसपायी. याला एनम लावणं हा एका ओळीचा उपाय आहे.

आणि स्टेजिंगसाठी (प्रोडक्शनआधी तपासायची जागा) नोड_एन्व्हीत "स्टेजिंग" घालू नका. लायब्ररींना तो शब्द माहीत नसतो, त्या डेव्हलपमेंटसारख्या वागतात, आणि मग स्टेजिंगवर तपासलेलं प्रोडक्शनला लागू पडत नाही. नोड_एन्व्ही दोन्हीकडे प्रोडक्शनच, आणि आपण कुठल्या जागी आहोत ते सांगायला वेगळं व्हेरिएबल.

---

आडवाट

मी थोडा विरोधी सूर लावतो. 'सगळं सुरू होतानाच तपासा, चुकलं तर मरा' हे वाचायला छान आहे, पण मोठ्या कोडबेसमध्ये त्याचा जाच होतो. आमच्याकडे एकच कॉन्फिग फाइल, तिच्यात सगळ्या व्हेरिएबलांची स्कीमा. आता डेटाबेस मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलणारी) स्क्रिप्ट चालवायचीय. तिला लागतो फक्त डेटाबेसचा पत्ता. पण ती कॉन्फिग इंपोर्ट करते, कॉन्फिग म्हणतं ईमेलची की कुठाय, पेमेंटची की कुठाय, आणि मरतं. मग लोक काय करतात? सीआयमध्ये (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) "एक्स", "एक्स", "एक्स" अशा खोट्या व्हॅल्यू भरतात. नेक्स्टजेएस या वेब फ्रेमवर्कचं बिल्ड तर आणखी वेगळं, बिल्डच्या वेळी मॉड्यूल लोड होतात, तेव्हा सिक्रेट नसतात आणि असूही नयेत. तिथे लोक तपासणी वगळण्याचं आणखी एक व्हेरिएबल काढतात. ते एकदा आलं की कुणीतरी ते प्रोडक्शनवर सोडून देणारच.

तपासणीने लोकांना खोटं लिहायला शिकवलं असेल तर ती तपासणी काय कामाची?

---

अर्धविराम

@आडवाट, तक्रार रास्त आहे. पण मला वाटतं दोष 'सुरुवातीला तपासा' यात नसून दोन वेगळ्या गोष्टींत आहे.

एक, स्कीमा अ‍ॅपची नसते, प्रोसेसची असते. वेब सर्व्हर, वर्कर, मायग्रेशन स्क्रिप्ट या तीन प्रोसेस आहेत आणि तिघांच्या गरजा वेगळ्या. छोट्या छोट्या स्कीमा करायच्या, म्हणजे डेटाबेसची, ईमेलची, पेमेंटची, आणि प्रत्येक प्रोसेसने आपल्याला हव्या तेवढ्या जोडून घ्यायच्या. मायग्रेशन फक्त डेटाबेसची घेईल. खोटं लिहायची वेळच येणार नाही.

दोन, कॉन्फिग फाइल इंपोर्ट झाल्या झाल्या तपासायला लागते, हे मला पटत नाही. तिने एक फंक्शन द्यावं. त्याला एन्व्ही ऑब्जेक्ट आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा, ते कॉन्फिग परत देतं किंवा एरर फेकतं. बोलावायचं ते प्रोसेसच्या मुख्य फाइलमधून, पोर्ट उघडण्याच्या आधी. बिल्डच्या वेळी नुसतं इंपोर्ट झालं तर काहीच होत नाही. क्लाउडफ्लेअर वर्कर्ससारख्या ठिकाणी एन्व्ही मूळात हँडलरला पॅरामीटर म्हणून मिळतं, तिथेही हेच फंक्शन जसंच्या तसं चालतं.

याचा टेस्टमध्ये फायदा फार मोठा आहे. प्रोसेस.एन्व्हीशी खेळावं लागत नाही, साधा ऑब्जेक्ट द्यायचा: पोर्ट रिकामं दिलं तर एरर येतो का, "फॉल्स" दिलं तर खरंच फॉल्स मिळतं का. ज्यांना जुन्या कोडमध्ये प्रोसेस.एन्व्ही बदलूनच टेस्ट लिहाव्या लागतात त्यांनी व्हायटेस्ट या टेस्टिंग साधनाचं स्टबएन्व्ही वापरावं आणि प्रत्येक टेस्टनंतर पूर्ववत करावं, नाहीतर एका टेस्टची व्हॅल्यू दुसरीत झिरपते.

---

आडवाट

प्रोसेसनुसार स्कीमा, हे पटलं. फंक्शनचंही. तपासणी वगळण्याचं व्हेरिएबल मात्र असूच नये, यावर मी ठाम आहे.

---

नवशिका_कोडर

फंक्शनवरून आठवलं. आमच्या प्रोजेक्टमध्ये मुख्य फाइलमध्ये वरच डॉटएन्व्हीचं कॉन्फिग() बोलावलंय, तरी डेटाबेसच्या फाइलमध्ये व्हेरिएबल अनडिफाइन्ड येतं. आधी रिक्वायर होतं तेव्हा चालत होतं, इंपोर्टवर गेल्यापासून बंद पडलं. कुणी सांगेल का?

---

रिकामी_ओळ

@नवशिका_कोडर, ईएस मॉड्यूलमध्ये सगळे इंपोर्ट आधी पूर्ण होतात, मगच त्या फाइलमधली पहिली ओळ चालते. तुम्ही कॉन्फिग() कितीही वर लिहिलंत तरी डेटाबेसची फाइल त्याच्या आधीच चालून गेलेली असते. रिक्वायर ओळीओळीने चालायचं म्हणून तेव्हा जमत होतं.

'डॉटएन्व्ही/कॉन्फिग' हाच पहिला इंपोर्ट करा, ते चालेल. पण नोड २०.६ पासून नोडलाच --एन्व्ही-फाइल हा फ्लॅग आलाय, तो दिला की तुमच्या कोडची एकही ओळ चालण्याआधी फाइल वाचली जाते. फाइल नसली तरी चालणार असेल तर २२.९ पासून --एन्व्ही-फाइल-इफ-एक्झिस्ट्स आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये डॉटएन्व्ही पॅकेजची मला तरी गरज पडत नाही.

दोन्हींत एक समान गोष्ट लक्षात ठेवा: व्हेरिएबल आधीच शेलमध्ये असेल तर फाइलमधली व्हॅल्यू हरते. फाइल बदलूनही फरक पडत नसेल तर आधी टर्मिनलमध्ये त्या नावाचं काही जुनं एक्स्पोर्ट केलेलं नाही ना, ते बघा.

---

तिसरा_कंस

टाइपस्क्रिप्टवाल्यांसाठी एक कळकळीची विनंती. प्रोसेस.एन्व्हीचा टाइप 'स्ट्रिंग किंवा अनडिफाइन्ड' असा येतो आणि लाल रेघ दिसते. ती घालवायला बरेच जण ग्लोबल डिक्लेरेशन लिहून प्रोसेसएन्व्ही इंटरफेसमध्ये सगळी नावं 'स्ट्रिंग' म्हणून जाहीर करतात, किंवा प्रत्येक ठिकाणी उद्गारचिन्ह ठोकतात. रेघ जाते, व्हॅल्यू काही येत नाही. टाइप कंपाइलच्या वेळी असतात, व्हेरिएबल चालवताना येतं. ती रेघ खरं सांगत होती, तिला गप्प केलं.

स्कीमा लिहिली की टाइप त्यातूनच काढता येतो, झॉडमध्ये इन्फर वापरून. मग टाइप हा तपासणीचा परिणाम असतो. बाहेर जाणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये पोर्ट नंबर असतो, फीचर बूलियन असतं, आणि पुढच्या कोडला काहीच शंका घ्यावी लागत नाही.

झॉडमधल्या आणखी दोन खाचा सांगतो. झेड.स्ट्रिंग() ला रिकामी स्ट्रिंग चालते, मिन(१) लावावंच लागतं. आणि डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्डला लागतो, रिकाम्या स्ट्रिंगला नाही. म्हणून स्कीमाकडे देण्याआधी मी रिकाम्या व्हॅल्यू काढूनच टाकतो. टी३-एन्व्ही ही एन्व्ही तपासणारी लायब्ररी वापरत असाल तर तिथे एम्प्टी-स्ट्रिंग-अ‍ॅज-अनडिफाइन्ड असा पर्यायच आहे.

यूआरएलबद्दलही सावध राहा. न्यू यूआरएल("लोकलहोस्ट:३०००") एरर देत नाही! तो "लोकलहोस्ट:" ला प्रोटोकॉल समजतो आणि होस्ट रिकामा सोडतो. कुणी एचटीटीपी:// विसरलं तर तपासणीतून सहीसलामत पुढे जातं. पार्स झाल्यावर प्रोटोकॉल अपेक्षितच आहे ना, हे वेगळं बघा.

---

खिडकीपाशी

फ्रंटएंडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ब्राउझरमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नसतात. बिल्ड करताना बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं साधन) कोडमधलं ते नाव शोधतो आणि तिथे त्या क्षणाची व्हॅल्यू छापून टाकतो. व्हीट या बिल्ड साधनामध्ये इंपोर्ट.मेटा.एन्व्ही आणि व्हीट_ हे उपपद, नेक्स्टजेएसमध्ये नेक्स्ट_पब्लिक_. यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही लोकांना अडवतात.

बिल्ड झाल्यावर सर्व्हरवर व्हेरिएबल बदललं तरी पानावर काहीही बदलत नाही. व्हॅल्यू जावास्क्रिप्ट फाइलमध्ये कोरलेली आहे.

नेक्स्टजेएसमध्ये हे शोधणं अक्षरशः मजकुराचं आहे. प्रोसेस.एन्व्ही.नेक्स्ट_पब्लिक_अमुक असं पूर्ण लिहिलं तरच ते बदलतं. नाव एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून चौकटी कंसाने वाचलं, किंवा अख्खा प्रोसेस.एन्व्ही स्कीमाकडे दिला, तर ब्राउझरमध्ये अनडिफाइन्ड मिळतं. वर सगळ्यांनी सुचवलेला 'पूर्ण ऑब्जेक्ट पार्स करा' हा प्रकार म्हणूनच क्लायंटवर फसतो. तिथे प्रत्येक नाव हाताने लिहून एक ऑब्जेक्ट बनवायचा आणि मग तो स्कीमाला द्यायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे उपपद म्हणजे 'ही व्हॅल्यू जगाला दाखवा' असा आदेश आहे. बऱ्याच वेळा 'क्लायंटवर अनडिफाइन्ड येतंय' म्हणून कुणीतरी सिक्रेट कीला उपपद लावून मोकळं होतं, आणि की बंडलमध्ये जाते. डेव्हटूल्स उघडणाऱ्या कुणालाही ती दिसते. एकदा गेली की उपपद काढून भागत नाही, की बदलावीच लागते. सर्व्हरची आणि क्लायंटची स्कीमा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि क्लायंटच्या स्कीमामध्ये उपपद नसलेलं नाव आलं तर टेस्ट पडेल असं करा.

एकच डॉकर इमेज स्टेजिंगला आणि प्रोडक्शनला चालवायची असेल तर बिल्डमधलं कोरणं सोडून द्या. कंटेनर सुरू होताना एक छोटी कॉन्फिग.जेसन तयार करा, अ‍ॅपने आधी ती आणावी, तपासावी आणि मगच रेंडर करावं. एक रिक्वेस्ट वाढते. आम्ही ती किंमत मोजतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

---

पहारेकरी

+१. 'की बदलावीच लागते' हे वाक्य ठळक अक्षरांत वाचावं सगळ्यांनी.

सिक्रेटचा विषय निघालाच आहे तर, तपासणीच्या एरर मेसेजमध्ये व्हॅल्यू छापू नका. 'अमुक व्हेरिएबल चुकीचं, मिळालं: ...' असं लिहिलं की पासवर्ड लॉगमध्ये जातो आणि तिथून लॉग साठवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत. माझ्या मते मेसेज असा पुरे:

कॉन्फिग अपूर्ण, प्रोसेस थांबवत आहे
- डेटाबेस_यूआरएल: नाही
- रेडिस_पोर्ट: १ ते ६५५३५ मधला पूर्णांक हवा, मिळालेली लांबी २३ अक्षरं
- एपीआय_की: शेवटी न्यूलाइन आहे

सगळे दोष एकदम दाखवा. एक सुधारला की दुसरा कळतो, पुन्हा डिप्लॉय, मग तिसरा, हे रात्रीच्या वेळी फार जिवावर येतं. लांबी सांगितली की बऱ्याचदा तेवढ्यावरून कळतं काय झालंय.

खरं म्हणजे सिक्रेट एन्व्हायर्नमेंटमध्ये असावेत का हाही प्रश्न आहे. डॉकर इन्स्पेक्ट केलं की ते दिसतात, लिनक्सवर /प्रॉक मधल्या त्या प्रोसेसच्या एन्व्हायरन फाइलमध्ये दिसतात, आणि तुम्ही चालवलेल्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला वारशाने मिळतात. डॉकर सिक्रेट हे /रन/सिक्रेट्स खाली फाइल म्हणून मिळतात. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये पासवर्डच्या नावाला _फाइल जोडून मार्ग देता येतो, तीच पद्धत आपल्या अ‍ॅपमध्येही घालायला अवघड नाही. कॉन्फिगचं एकच फंक्शन असेल तर बदल एकाच जागी होतो.

---

आडवाट

लायब्ररीबद्दल धागाकर्त्यांनी विचारलं होतं, त्याला कुणी थेट उत्तर दिलं नाही. प्रोजेक्टमध्ये झॉड किंवा व्हॅलिबॉट आधीच असेल तर तेच वापरा. काहीच नसेल आणि फक्त एन्व्हीसाठी हवं असेल तर एनव्हॅलिड बरं: पोर्ट, यूआरएल, बूलियन, होस्ट, ईमेल यांचे व्हॅलिडेटर तयार मिळतात आणि चुकलं तर ते स्वतः यादी छापून प्रोसेस संपवतं. दहा-बारा व्हेरिएबल असतील तर हाताने लिहिलेली फंक्शनंही पुरतात. मी छोट्या सर्व्हिसमध्ये तेच करतो, डिपेंडन्सी वाढत नाही आणि नवीन माणसाला वाचता येतं.

---

नवशिका_कोडर

सगळ्यांचे आभार. --एन्व्ही-फाइल लावल्यावर अनडिफाइन्डचा प्रश्न सुटला. कॉन्फिगचं फंक्शनही लिहिलं, आणि लिहिता लिहिता अडलो. ईमेल पाठवणं आमच्याकडे ऐच्छिक आहे. एसएमटीपी होस्ट, युजर, पासवर्ड हे तिन्ही नसले तरी चालतं. म्हणून तिन्ही ऑप्शनल केले. पण मग होस्ट आहे आणि पासवर्ड नाही, हेही तपासणीतून जातं. हे कसं अडवायचं?

---

तिसरा_कंस

तिघांना वेगवेगळं ऑप्शनल करू नका, त्यांचा गट ऑप्शनल करा. कॉन्फिगमध्ये ईमेल हा एकच भाग ठेवा: एकतर तो नल असेल किंवा तिन्ही गोष्टी भरलेला ऑब्जेक्ट असेल. फंक्शनमध्ये तिघांपैकी एकही व्हेरिएबल नसेल तर नल द्या, एकही असेल तर तिघांची पूर्ण स्कीमा लावा आणि उरलेल्यांची नावं एररमध्ये येऊ द्या.

पुढच्या कोडमध्ये मग 'कॉन्फिग.ईमेल आहे का' एवढंच विचारावं लागतं. असेल तर पासवर्ड आहेच, हे टाइपस्क्रिप्टलाही कळतं. आणि सुरू होताना लॉगमध्ये 'ईमेल: बंद' किंवा 'ईमेल: चालू' अशी एक ओळ छापा. नाहीतर नाव लिहिताना एखादं अक्षर तिन्ही ठिकाणी चुकलं, तर गट गुपचूप नल होईल आणि पत्रं का जात नाहीत ते कुणाला कळणार नाही.

---

पहारेकरी

त्याला जोडून: अ‍ॅपच्या उपपदाने सुरू होणारी पण स्कीमात नसलेली नावं आढळली तर त्यांचाही इशारा छापा. अक्षर चुकलेलं नाव तिथेच दिसतं. पूर्ण प्रोसेस.एन्व्हीवर मात्र हा नियम लावू नका, पाथ आणि होमपासून सगळंच अनोळखी ठरेल.

---

नवशिका_कोडर

उपपद लावून घेतो आणि दोन्ही करतो. गटाची टेस्ट लिहून झाली की इथेच टाकतो, बघून सांगा.